मैदानातून ओळ देणारा

मेम्फिस, ९ ऑक्टोबर १९७२

रेव्हरंड ओझेल टॉलिव्हर यांस,

आपल्याला बहीण नाही, हे मला ठाऊक आहे. दहा वर्षांपूर्वी ईस्टरच्या रविवारी भर चर्चमध्ये आपण तसं जाहीर केलंत, तेव्हा मी तिसऱ्या बाकावर नवी टोपी घालून बसले होते. तेव्हा हे पत्र बहिणीचं समजू नये. मेम्फिसात केशभूषेचं दुकान चालवणारी आणि शनिवारी संध्याकाळी सोल, म्हणजे आपल्या भाषेत सैतानाची गाणी, गाणारी एक बाई आपल्याला लिहिते आहे, एवढंच समजावं.

जाऊ दे, हे ‘आपण’ मला झेपत नाही. ज्याच्या पाठीवर बसून मी कापसाची शेतं पार केली, त्याला कसलं आलंय आपण.

तर ओझेल, सरळ विचारते. ऑगस्टमध्ये, ब्लफ सिटी सोल महोत्सवाच्या शनिवारी, भर दुपारी तू त्या मैदानात काय करत होतास?

त्याच्या आधीच्या रविवारी तू व्यासपीठावरून बजावलं होतंस की जो कुणी त्या सैतानाच्या जत्रेत पाऊल टाकील, त्याला गायकवृंदातून काढीन. हे मला कसं कळलं विचारू नकोस. तुझ्या चर्चमधल्या निम्म्या बायका आर्कान्सातून नदी ओलांडून माझ्याकडेच केस सरळ करायला येतात. गरम कंगवा कानाजवळ आला की बाई सगळं सांगते.

परवा रेकॉर्ड कंपनीच्या क्विंबीने मला बोलावलं. महोत्सवात मंचामागे जो मोठा ट्रक उभा होता तो त्यांचा. सगळा कार्यक्रम त्यांनी तिथल्या तिथे टेपवर घेतला आणि आता त्याची तबकडी काढताहेत. क्विंबी न्यूयॉर्कचा, गोरा, माणूस वाईट नाही, फक्त मागे कुणी लागल्यासारखं बोलतो. म्हणाला, “मिस टॉलिव्हर, तुमच्या वेळची टेप बिघडली आहे. वीज गेली तेव्हा मशीन मंद पडलं असणार. आम्ही वेग वाढवून दुरुस्त केलंय. ऐका.”

वीज गेली ती तुला आठवत असेलच. माझं नाव पुकारलं गेलं, मी हिरवा ड्रेस घालून मंचावर आले, तोंड उघडलं आणि सगळं बंद. माइक मेला, ऑर्गन मेला, गिटार मेलं. समोर अख्खं मैदान माणसांनी भरलेलं, डोक्यावर ऊन, आणि आधीच तासभर उशीर झालेला. लोक हुर्यो करायला लागले. एक बाटली माझ्या पायाशी येऊन फुटली. आणि मग पार मागून, कुंपणाच्या बाजूने, कुणीतरी जुन्या स्तोत्राची ओळ गाऊन दिली आणि सगळ्या मैदानाने ती उचलली.

क्विंबीने टेप लावली. मी म्हटलं, “हे काय, कोंबडीची पिल्लं गाताहेत का?”

“वेग कमी केला की सगळे कण्हल्यासारखे वाटतात,” तो म्हणाला.

“बाबा रे, तुझ्या मशीनला काहीही झालेलं नाही. आम्ही हे असंच गातो. एक जण ओळ देतो आणि बाकीचे ती ओढतात. एक ओळ संपेपर्यंत मक्याची भाकरी भाजून होते. घाई तुला आहे, आम्हाला नाही. लाव मूळ वेगावर.”

त्याने लावली, आणि मी खुर्चीवरून उठले.

बाबांच्या बरगडीत खेचराने लाथ घातली होती, तेव्हापासून ते ओळ देताना मध्येच, भलत्याच जागी श्वास घ्यायचे. आपण त्यांच्याकडूनच शिकलो, म्हणून धडधाकट बरगड्या असूनही आपण दोघं तिथेच श्वास घेतो. जगात तिसरं कुणी घेत नाही. टेपवरचा तो माणूस तिथेच थांबला, श्वास घेतला आणि पुढे गेला.

ओझेल, मी कुणाला काही बोललेले नाही. फक्त सांग, का आला होतास?

व्हर्लीन टॉलिव्हर

*

मेम्फिस, ३० ऑक्टोबर १९७२

ओझेल,

तुझं उत्तर पोचलं. म्हणजे पाकीट पोचलं. आत ‘पापाची मजुरी’ हे छापील प्रवचन आणि दुसरं काही नाही. घडीतून झटकून पाहिलं, एखादी चिठ्ठी पडेल म्हणून. तुझं अक्षर फक्त पत्त्यावर आहे आणि त्यात तू माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर लिहिलं आहेस, ही प्रगतीच म्हणायची.

आता पुढचं ऐक, कारण मामला गंभीर आहे.

क्विंबीला ते स्तोत्र वेड लावून गेलंय. सगळ्या महोत्सवात एवढं खरं काही टेपवर आलेलं नाही, असं म्हणतो. मंचावरचं सगळं बंद होतं, पण मैदानात खांबांना टांगलेले कंपनीचे माइक ट्रकच्या जनरेटरवर चालू होते, म्हणून तुझा आवाज टेपवर आला. मी मंचाच्या कडेला बसून घसा फाटेस्तोवर सगळ्यांबरोबर ओढत होते, त्यातलं एक अक्षर आलेलं नाही. गंमत बघ. दहा वर्षं सोल गातेय ती मी, आणि सोलच्या तबकडीवर जाणार तू.

पण ओळ देणाऱ्याचं नाव आणि त्याची संमती असल्याशिवाय कंपनी ते छापणार नाही. एव्हाना सहा जण येऊन “तो मीच” म्हणून गेले. त्यातला एक न्हावी तर क्विंबीसमोर गाऊनही दाखवून आला. बाबांच्या जागी श्वास एकानेही घेतला नाही, म्हणून मी मान हलवून सगळ्यांना परत पाठवलं.

आणि आता खरी मेख. वीज परत आल्यावर मी एक गाणं म्हटलं, ते टेपवर आहे. चांगलं आहे. खोटा विनय मला येत नाही, फारच चांगलं आहे. दुसऱ्या बाजूवर जागा मात्र एकाचीच आहे, एक तर स्तोत्र नाही तर माझं गाणं. थँक्सगिव्हिंगच्या नंतरच्या सोमवारपर्यंत ओळ देणारा सापडला नाही, तर स्तोत्र कापायचं आणि तिथे मला घालायचं, असं ठरलंय.

म्हणजे मी नुसती गप्प बसले तरी माझं भलं होतं. तूही गप्प बसलास तर माझं आणखी भलं होतं. तेव्हा हे पत्र मी का लिहितेय, याचा विचार कर. प्रवचनं पाठवण्यापेक्षा त्यात वेळ बरा जाईल.

का आला होतास?

व्हर्लीन टॉलिव्हर

*

मेम्फिस, १४ नोव्हेंबर १९७२

ओझेल टॉलिव्हर,

“तो मी नव्हेच. देव तुला क्षमा करो.”

दहा वर्षांनी भावाने दोन वाक्यं लिहिली आणि त्यातलं पहिलंच खोटं! तू लहानपणीसुद्धा खोटं बोलायला लागलास की वाक्यं आखूड करायचास. आईच्या पीच पाईचा कोपरा कुणी खाल्ला, तर “मी नाही.” एरवी तुझं साधं ‘सुप्रभात’ दोन मिनिटं चालतं.

राग आला होता. तुझा कागद मी कंगव्याच्या शेगडीत घालणार होते, पण मग ठेवला. तुझं अक्षर आहे म्हणून ठेवला, दुसरं काही नाही.

तुझी भीती मला कळते. तूच दंडुका उगारलास आणि तूच कुंपणापाशी सापडलास. उद्या तबकडीवर तुझं नाव छापलं, तर तुझ्या चर्चचे लोक काय म्हणतील? तर मी तुला सांगते ते काय म्हणतील. सोबत एक टेप पाठवतेय. क्विंबीकडून मागून घेतली. प्रवचनं टेप करायला चर्चने घेतलेलं ते मशीन आहे ना, त्यावर लाव. दार लावून घे आणि नीट कान देऊन ऐक, स्वतःला नाही, दुसऱ्यांना.

तुझ्या दुसऱ्या ओळीनंतर डावीकडून एक बाई वर चढते, आगगाडीच्या शिट्टीसारखी, आणि खाली यायचं नावच घेत नाही. असा आवाज सबंध आर्कान्सात एकाच बाईचा आहे. सिस्टर आयडेला क्रंप. तुझ्या पहिल्या बाकावर पांढरे हातमोजे घालून बसते ती. तिसऱ्या ओळीच्या आधी कुणीतरी दोनदा खोकतं, मग घसा खाकरतं आणि मग एक सुटा खोकला. डीकन मेब्री. रविवारी दानाची थाळी फिरवताना तो असाच खोकतो की नाही?

अरे वेड्या, तुला वाटलं मेम्फिसच्या त्या उनाड पोरांना लांब चालीची स्तोत्रं पाठ आहेत? तू ओळ दिलीस आणि अख्ख्या मैदानाने बरोब्बर पट्टीत उचलली, ती कशी? ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या चर्चमधले होते. जो तो घरी काहीतरी थाप मारून आला होता आणि आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून उभा होता. तूही टोपीच घातली होतीस ना? ती करडी?

आता माझं सांगते, एकदाच. मला ती तबकडी हवी आहे. पोरगी होते तेव्हापासून हवी आहे. दुकानातल्या बायकांना मी आधीच सांगून बसलेय. पण त्या दुपारी बाटली फुटली तेव्हा मी मंचावर इतकी एकटी होते की मला आईला हाक मारावीशी वाटली. घाबरले होते रे. आणि तेवढ्यात तुझी ओळ आली. चर्चमध्ये कुणी गाताना अडखळलं की बाबा मागून असंच उचलून धरायचे. कोण आहे ते मला तेव्हा कळलं नाही, पण माझी भीती गेली. ते कापून तिथे माझं गाणं घातलं, तर ते गाणं मला जन्मभर ऐकवणार नाही.

व्हर्लीन

*

मेम्फिस, २२ नोव्हेंबर १९७२

ओझेल,

उद्या थँक्सगिव्हिंग. रताळ्याच्या गोड पाई भट्टीत आहेत, हात पिठाचे आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

सोमवारी क्विंबी कात्री लावणार. मी तुझं नाव त्याला सांगणार नाही. ते तुझं आहे, तूच सांगायचं. त्याचा फोन नंबर खाली लिहिलाय.

आणि एक. “गप्प बसलो तर व्हर्लीनचं गाणं येईल, तेवढं तरी तिच्यासाठी करू,” असा काही थोर विचार तुझ्या डोक्यात आला असेल, तर तो तिथून काढ. मी तुला ओळखते, येईलच तो विचार. तसले उपकार माझ्यावर करायचे नाहीत. मी माझी तबकडी पुढच्या वर्षी काढीन, नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी. आवाज कुठे पळून जात नाही माझा.

तू फोन करशील याची मला खात्री आहे. का, ते विचारू नकोस.

व्हर्लीन

*

मेम्फिस, २८ नोव्हेंबर १९७२

दादा,

(हो, लिहिलं. आक्षेप असेल तर कळव.)

आज सकाळी सिस्टर आयडेला क्रंप दुकानात आली. आठवड्यापूर्वीच केस करून गेली होती, केस अगदी जागच्या जागी होते. तरी खुर्चीत बसली, हातमोजे काढले आणि म्हणाली, “पोरी, कंगवा ठेव बाजूला. मी केसांसाठी नाही आलेय. रविवारी काय झालं ते कळलं का तुला?”

मी म्हटलं, “मला कोण सांगणार? मी तर कुणाची बहीण नाही.”

“टोमणे नंतर मार. ऐक आधी. तुझा भाऊ थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी उठला, प्रवचनाचं पान उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मला वाटलं याला ताप आलाय. मग म्हणतो, ‘ऑगस्टमध्ये मी तुम्हाला त्या मैदानात जाऊ नका म्हणालो होतो. मी तिथे होतो.’ बस, एवढंच. नाही आमेन, नाही हालेलुया. अगं, पंखे हलायचे थांबले!”

“नोव्हेंबरात पंखे?”

“बायका आहोत आम्ही, आमच्या हातात बारा महिने पंखे असतात. मध्ये बोलू नकोस. तर तेवढ्यात डीकन मेब्री खोकला. दोनदा, मग खाकरला, मग एक सुटा. तुझा भाऊ त्याच्याकडे बघतो आणि त्याच्या तोंडावर हसू! पोरी, ऑर्गनवरच्या बाईने तोंड लपवलं. मग मी म्हटलं, आता माझं काय राहिलंय. उठले. म्हटलं, ‘रेव्हरंड, मी तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर होते. तुमची करडी टोपी बघून झाडामागे गेले, आणि तिथे डीकन मेब्री आधीच होता.’”

“मग?”

“मग काय! जो उठतो तो ‘मीही होतो’. एक म्हणतो, मी बायकोला मासे धरायला जातो सांगून गेलो. त्याची बायको म्हणते, आणि मी तुला बहिणीकडे जाते सांगून. नवरा-बायको एकाच मैदानात आणि एकमेकांना पत्ता नाही! म्हाताऱ्या मदर लुडी तेवढ्या घरी होत्या, त्या इतक्या रागावल्या की विचारू नकोस. म्हणाल्या, मला कुणी नेलं का नाही?”

मी हसून हसून कंगव्याने स्वतःचंच बोट भाजून घेतलं, दादा.

मग तिने सांगितलं की गर्दीतून कुणीतरी विचारलं, “पण रेव्हरंड, तुम्ही कशाला गेला होतात?” उत्तर म्हणून तू ओळच दिलीस. बाबांचीच. आयडेला म्हणाली, “तुमच्या बापाच्या मौतीनंतर त्या चर्चमध्ये असं गाणं झालं नव्हतं.”

दुपारी क्विंबीचा फोन आला. म्हणाला, सोमवारी सकाळी एका माणसाने फोन केला. स्वतःचं नाव सांगायलाच त्याला इतका वेळ लागला, की क्विंबीला आधी वाटलं लाइन खराब आहे. मी म्हटलं, लाइन चांगली आहे, घाई तुलाच आहे.

म्हणजे माझं गाणं गेलं. थोडं रडले. खोटं कशाला सांगू, थोडं नाही, बरंच रडले. मग चेहरा धुतला आणि पुढच्या बाईला खुर्चीत बसवलं.

क्विंबीशी बोललास. माझ्याशी अजून नाही. सगळ्या चर्चला सांगितलंस की होतास, पण का होतास ते नाही. मी विचारतच राहणार आहे.

व्हर्लीन

*

मेम्फिस, १७ मार्च १९७३

दादा,

आज तबकडी आली.

खोका मी दुकानातच फोडला. बायका डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या तशाच भोवती गोळा झाल्या. वेष्टणावर मैदानाचा फोटो आहे. कुंपणाच्या बाजूला करड्या टोपीचा एक ठिपका दिसतो. आयडेला म्हणते तो तू नाहीस, मी म्हणते तूच.

मग मी वेष्टण उलटलं. दुसरी बाजू, तिसरं: ‘मैदानातलं स्तोत्र.’ आणि त्याच्यापुढे नाव शोधलं. मला वाटलं होतं, रेव्हरंड ओझेल टॉलिव्हर असं ठसठशीत छापलेलं असेल. क्विंबीला फोन केला की ही छपाईची चूक कुणाची. तो म्हणाला, “चूक नाही. नावाबद्दल त्यांनी तीन वेळा फोन केला. रेव्हरंड लिहायचं नाही म्हणाले. ओझेलसुद्धा नको म्हणाले. ते सांगतील तसंच्या तसं छापायचं, नाही तर संमती नाही. मी विचारलं, याने लोकांना काय कळणार? तर म्हणाले, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. वर म्हणाले, मी तिथे का गेलो होतो तेही त्यातच आलं.”

टॉवेलवाल्या बायका ओरडत होत्या, “वाच की मोठ्याने!” मला वाचता येईना. शेवटी आयडेलाने तबकडी माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि वाचलं.

‘ओळ देणारा: व्हर्लीन टॉलिव्हरचा भाऊ.’

तू दिलेली ओळ मी दुकानात इतक्या वेळा लावली की सुई गरम झाली असेल. दर वेळी मधल्या त्या जागी तू श्वास घेतोस आणि मीही घेते.

ईस्टरला येतेय. तिसऱ्या बाकावर नाही, पहिल्या, आयडेलाशेजारी. हिरवा ड्रेस घालणार आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे व्यासपीठावर दचकायला नको. माझ्या रताळ्याच्या पाई घेऊन येईन, आणि कोपरा कुणी खाल्ला असं विचारणार नाही.

तुझी बहीण
(आता छापलेलं आहे, मागे घेता येणार नाही),
व्हर्लीन